घरच्या घरी कोरियन: आधी बातम्या, मग मालिका

डोंबिवलीत राहणाऱ्या आणि वांद्रे-कुर्ला संकुलात नोकरी करणाऱ्या एका बाईंनी कळवले आहे की, इंग्रजी सबटायटल लावून इतक्या कोरियन मालिका पाहूनही सुटे शब्द सोडले तर त्यांना काही बोलता येत नाही. वर्गाला जाण्याइतका वेळ हाताशी नाही. कोणीतरी कोरियन बातम्या ऐकण्याचा सल्ला दिला, म्हणून त्यांनी ऐकून पाहिल्या, तर त्यातले काहीच कळले नाही. घरच्या घरी, बातम्या आणि मालिका यांच्या आधाराने, ‘टोपिक’ या कोरियन भाषेच्या प्रावीण्य परीक्षेच्या मधल्या पातळीपर्यंत पोहोचता येईल का, आणि येणार असेल तर सुरुवात कुठून करावी, असा त्यांचा प्रश्न आहे.

मी मुंबईत कोरियन शिकवते आणि अधूनमधून दुभाष्याचे कामही करते. हा प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत सतत विचारला जातो, म्हणून सविस्तर लिहिते. पोहोचता येते, पण तुमचा क्रम उलटा करावा लागेल. मालिका सोप्या आणि बातम्या अवघड, असा सर्वसाधारण समज आहे. गोष्ट समजून घ्यायची असेल तर तो खरा आहे. भाषा शिकायची असेल तर नाही. मालिकेतली माणसे घरातल्यासारखी बोलतात, म्हणजे अर्धी वाक्ये गिळतात. ‘पाप मॉगॉस्सॉ?’ म्हणजे ‘जेवलीस?’, यात ‘पाप’ म्हणजे भात, जेवण. या शब्दाला कर्माचा प्रत्यय लागायला हवा, पण बोलताना तो कोणी लावत नाही, आणि ‘तू’ तर नसतोच. कोरियन भाषेचे सगळे व्याकरण शब्दांच्या शेपटांत असते: कर्त्याला ‘ई’ किंवा ‘गा’, कर्माला ‘उल’ किंवा ‘रुल’, ज्याच्याविषयी बोलायचे त्याला ‘उन’ किंवा ‘नुन’, स्थळाला ‘ए’ किंवा ‘एसॉ’. जी माणसे फक्त मालिका पाहून शिकतात त्यांच्या कानावर हे प्रत्यय पुरेसे पडतच नाहीत, आणि मग शब्द भरपूर माहीत असूनही वाक्य जुळत नाही. तुमचे नेमके हेच झाले आहे. बातमीत वाक्य पूर्ण असते, प्रत्यय जागच्या जागी असतात, क्रियापदाचा शेवट एकाच पद्धतीचा असतो, उच्चार प्रमाण असतात आणि दोन माणसे एकाच वेळी बोलत नाहीत.

त्याआधी लिपी. हंगुल लिपी राजा सेजोंगच्या काळात १४४३ मध्ये तयार झाली आणि १४४६ मध्ये जाहीर झाली. आज तिच्यात चौदा व्यंजने आणि दहा स्वर अशी चोवीस मूळ अक्षरे आहेत. जोडाक्षरे धरून ती चाळीस होतात. बाराखडी गिरवलेल्या माणसाला ती आठवड्याभरात वाचता येते, त्यामुळे तिच्यावर फार लिहीत नाही. एक पथ्य मात्र पाळा: वहीत कोरियन शब्द देवनागरीत किंवा रोमन लिपीत लिहू नका. मी इथे देवनागरीत लिहिते आहे ते केवळ सोयीसाठी, आणि त्यात काय काय निसटते हे मला चांगले ठाऊक आहे. ओठ न गोलावता म्हणायचा ‘उ’ देवनागरीत नाही, म्हणून दोन वेगळ्या स्वरांना मी इथे एकच चिन्ह वापरते आहे. ‘ऑ’ आणि ‘ओ’ यांतला फरक आपण ‘ऑफिस’ आणि ‘ओठ’ मध्ये सहज करतो, तो कोरियनमध्येही काटेकोरपणे करायचा.

उच्चारांच्या बाबतीत मराठी माणसाला काही गोष्टी आयत्या मिळतात आणि काही नडतात. कोरियनमध्ये ‘त’ तीन प्रकारचा आहे. ‘ताल’ म्हणजे चंद्र, ‘त्ताल’ म्हणजे मुलगी, ‘थाल’ म्हणजे मुखवटा. तिसरा आपला ‘थ’च आहे. दुसरा, जोर देऊन म्हणायचा, आपल्या साध्या ‘त’च्या बराच जवळ जातो. नडतो तो पहिला, जो दिसायला सर्वांत साधा आहे: शब्दाच्या सुरुवातीला तो ‘त’ आणि ‘थ’ यांच्या मधे कुठेतरी पडतो, आणि सोलमधल्या तरुण पिढीच्या बोलण्यात तो ओळखायचा तो सुराच्या उंचीवरून, कारण ‘ताल’ खालच्या सुरात सुरू होतो आणि ‘थाल’ वरच्या. ‘फ’ ओठ मिटून म्हणायचा, आजीच्या तोंडचा ‘फळ’ मधला. मुंबईतली निम्मी मुले हल्ली दात ओठाला लावून ‘फ’ म्हणतात, तो कोरियनला चालत नाही. ‘ज’ नेहमी ‘जीव’ मधला, कधीही ‘जोर’ मधला नाही. मराठी माणसाची जीभ पुढे ‘ओ’ किंवा ‘उ’ दिसला की आपोआप ‘जोर’कडे वळते, म्हणून मी इथे मुद्दाम ‘ज्यॉ’, ‘ज्यो’, ‘ज्यु’ असे लिहिते आहे.

लिहिलेले एक आणि ऐकू येणारे दुसरे, ही कोरियन शिकणाऱ्यांची नेहमीची तक्रार. शाळेत संधी शिकलेल्याला तिचे उत्तर अर्धे माहीत असते. वाक् आणि मय मिळून जसे वाङ्मय होते, तसे ‘कुक’ (देश) आणि ‘मिन’ (लोक) मिळून ‘कुङमिन’ होते, म्हणजे नागरिक, जनता. जगत् आणि नाथ यांचे जगन्नाथ होते त्याच रीतीने ‘इत’ आणि ‘नुन’ यांचे ‘इन्नुन’ होते. प्रत्येक बातमीच्या शेवटी ऐकू येणारे ‘हाम्निदा’ लिहिताना ‘हाप-निदा’ असे असते. आणि वाक् अधिक ईश म्हणजे वागीश, तसे ‘ज्यॉन्गुक’ला (सारा देश) ‘ए’ लागला की ‘ज्यॉन्गुगे’. इंग्रजीतून लिहिलेल्या पुस्तकांत हेच नियम तक्त्यांमागून तक्ते देऊन समजावलेले असतात. तुम्ही ही चार उदाहरणे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि पुढे जा.

आता पहिली बातमी. ती राजकारणाची घेऊ नका, हवामानाची घ्या. हवामानाचा वृत्तांत मिनिटभराचा असतो, शब्द रोज तेच येतात, आणि मागे नकाशा असतो. ‘नेइरुन ज्यॉन्गुगे पीगा ओगेत्सुम्निदा.’ ‘नेइल’ म्हणजे उद्या, त्याला ‘उन’ लागून ‘नेइरुन’. ‘ज्यॉन्गुगे’ म्हणजे देशभरात. ‘पी’ म्हणजे पाऊस, त्याला कर्त्याचा ‘गा’. ‘ओ’ हा येण्याचा धातू, आणि त्यापुढचे ‘गेत’ अंदाज दाखवते. उद्या देशभरात पाऊस येईल. शब्दांचा क्रम एकाही जागी हलवावा लागला नाही, आणि पाऊस तिथेही ‘येतो’च. जूनच्या अखेरीपासून साधारण महिनाभर तिथे ‘चाङमा’ म्हणजे पावसाळी हंगाम असतो. त्या काळात जोरदार पावसाचा इशारा, साचलेले पाणी आणि बंद रस्ते यांच्या बातम्या सतत चालू असतात. हे विषय मुंबईकराला समजावून सांगावे लागत नाहीत, त्यामुळे लक्ष भाषेकडे राहते.

क्रम सारखा आहे हे बहुतेकांना कळते, पण साम्य त्याहून खोल जाते आणि मराठीभाषक त्याचा उपयोग करून घेत नाहीत, कारण ते कोरियन शिकतात इंग्रजीमधून. आपण ‘अटक करणे’, ‘जाहीर करणे’, ‘तपास करणे’ म्हणतो, तसेच तिथे नामाला ‘हादा’ लावून क्रियापद होते: ‘छेफो-हादा’, ‘पाल्प्यो-हादा’, ‘च्योसा-हादा’. ‘करून पाहणे’ म्हणजे ‘हे बोदा’, आणि त्यातला ‘बोदा’ हा खरोखर पाहण्याचाच धातू आहे. ‘करून देणे’ म्हणजे ‘हे ज्युदा’, त्यातही देण्याचाच धातू. ‘करून टाकणे’ म्हणजे ‘हे बॉरिदा’. ‘काल आलेला माणूस’ म्हणजे ‘ऑजे ओन साराम’, ‘जाणारी गाडी’ म्हणजे ‘कानुन छा’. इंग्रजीला इथे वाक्य मोडून मागे लटकवावे लागते, आपल्याला काहीच करावे लागत नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषासंस्था कोरियनला सर्वांत अवघड गटात टाकते आणि तिच्यासाठी सुमारे २२०० तासांची शिकवणी धरते. तो हिशेब इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचा आहे. वाक्यरचनेवरचे त्यांचे जे श्रम जातात ते आपले वाचतात. शब्द पाठ करण्याचे मात्र मुळीच वाचत नाहीत. म्हणून माझा आग्रह असतो की वहीच्या डाव्या बाजूला हंगुल आणि उजव्या बाजूला मराठी असावे, आणि मधे इंग्रजीला जागा ठेवू नये.

बातमी कशी घ्यावी, ते आता नीट सांगते. केबीएस, एमबीसी, एसबीएस या मोठ्या वाहिन्या आणि वायटीएन ही चोवीस तास बातम्यांची वाहिनी यांच्या संकेतस्थळांवर चित्रफितीखाली बातमीचा मजकूर दिलेला असतो. केबीएसच्या पानावर आधी ‘अँकर’ असे लिहून निवेदकाची वाक्ये आणि मग ‘रिपोर्ट’ असे लिहून बातमीदाराची वाक्ये येतात. ऐकलेले आणि लिहिलेले अशा जोडीने फुकट मिळणारे याहून चांगले साहित्य मला माहीत नाही. यूट्यूबची आपोआप उमटणारी अक्षरे वापरू नका, कारण विशेषनामे आणि सारखे ऐकू येणारे शब्द ती सर्रास चुकवतात. कोरियाची वेळ आपल्यापुढे साडेतीन तास आहे. केबीएसच्या रात्री नऊच्या बातम्या आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला सुरू होतात, म्हणजे तुम्ही कुर्ल्याला गाडीत चढाल तोवर त्यातल्या बऱ्याच बातम्या मजकुरासह उपलब्ध झालेल्या असतील.

एकच बातमी निवडा आणि तिचा फक्त अँकरचा भाग घ्या. तो दोन-तीन वाक्यांचा असतो आणि अख्खी बातमी त्यात आलेली असते. पहिल्या दिवशी मजकूर न पाहता ऐका आणि जे कानाला लागेल ते हंगुलमध्ये लिहा, चुकीचे असले तरी चालेल. दुसऱ्या दिवशी मजकूर उघडून आपले लिखाण त्याच्याशी ताडून पाहा. जिथे अंतर दिसेल तिथे शब्द माहीत नव्हता की संधीने फसवले, हे ठरवा, कारण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. तिसऱ्या दिवशी निवेदकाबरोबर, त्याच्याच गतीने, मोठ्याने म्हणा. निवेदक श्वास कुठे घेतो ते पाहा. तो प्रत्ययानंतर थांबतो, प्रत्ययाआधी कधीच नाही, आणि हे एकदा कानात बसले की लांब वाक्याचे आपोआप तुकडे पडू लागतात. बातमीदाराच्या भागातल्या लोकांच्या प्रतिक्रिया सुरुवातीला सोडून द्या. त्या बोली भाषेत असतात, कधी ग्यॉन्गसांग प्रांताच्या हेलात असतात, आणि खाली पडद्यावर लिहून येते ते बरेचदा साफसूफ केलेले असते.

एक वाक्य जवळून पाहू. ‘क्यॉङछारुन ज्यॉल्तो ह्यॉमिरो ओशिप्ते नामसॉङुल छेफोहेत्सुम्निदा.’ पोलिसांनी चोरीच्या आरोपावरून पन्नाशीतल्या पुरुषाला अटक केली. ‘क्यॉङछाल’ पोलीस, ‘ज्यॉल्तो’ चोरी, ‘ह्यॉमि’ संशय किंवा आरोप आणि त्याला ‘वरून’च्या अर्थाचा ‘रो’, ‘ओशिप्ते’ पन्नाशीतला, ‘नामसॉङ’ पुरुष आणि त्याला कर्माचा ‘उल’. हा साचा पाठ झाला की चोरीच्या जागी फसवणूक, अटकेच्या जागी चौकशी घालून तुम्ही गुन्हेगारीचे अर्धे पान वाचू शकता. बातमीचे ठरलेले शेवटही असेच पाठ करावेत. ‘गॉसुरो आल्ल्यॉज्यॉत्सुम्निदा’ म्हणजे आपले ‘असल्याचे समजते’; ‘गॉसुरो बोइम्निदा’ म्हणजे ‘असल्याचे दिसते’; ‘ए त्तारुम्यॉन’ म्हणजे ‘नुसार’; ‘पाल्ख्यॉत्सुम्निदा’ म्हणजे ‘स्पष्ट केले’. मराठी वृत्तपत्र वाचणाऱ्याला हा सूर परका वाटत नाही.

काही आठवड्यांनंतर एखादी चालू घडामोड धरून तिच्यामागे जा. रोज नवी बातमी घेतली की रोज नवे वीस शब्द येतात आणि परवापर्यंत विसरले जातात. एकच प्रकरण धरले की तेच शब्द तुमच्याकडे परत परत येतात. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष युन सॉक-यॉल यांनी आणीबाणीचा लष्करी कायदा जाहीर केला, राष्ट्रीय सभेने काही तासांतच तो उठवण्याचा ठराव केला, १४ डिसेंबरला महाभियोग मंजूर झाला, ४ एप्रिल २०२५ ला घटनात्मक न्यायालयाने त्यांना पदावरून दूर केले आणि ३ जूनला नवी निवडणूक झाली. त्या सहा महिन्यांत ‘केऑम’ (लष्करी कायदा), ‘थानहेक’ (महाभियोग), ‘फाम्यॉन’ (पदच्युती) हे शब्द बातम्या पाहणाऱ्या कोणालाही वेगळे पाठ करावे लागले नाहीत. त्या निकालाची चित्रफीत आजही ऐकण्यासारखी आहे, आणि तीही एका व्याकरणाच्या कारणासाठी: न्यायाधीशांचे अंतिम वाक्य ‘फाम्यॉन्हान्दा’ असे कोरड्या ‘-दा’ने संपते, आणि तीच गोष्ट प्रेक्षकांना सांगताना निवेदक ‘फाम्यॉन्हेत्सुम्निदा’ म्हणतो. पहिला शेवट दस्तऐवजाचा आणि छापील मजकुराचा, दुसरा समोरच्या माणसाला उद्देशून आदराने बोलण्याचा. हा फरक पुढे परीक्षेत लागणार आहे.

आकडे ही बातमीतली सर्वांत मोठी अडचण, आणि आपल्याकडे शिकवताना ती विनाकारण वाढवली जाते. कोरियन मोजणी दहा हजाराच्या पटीत चालते: ‘मान’ म्हणजे दहा हजार, ‘ऑक’ म्हणजे दहा कोटी, ‘च्यो’ म्हणजे एक लाख कोटी. पुस्तके हे मिलियन आणि बिलियनमध्ये समजावतात, आणि मग आपण मिलियनचे लाख करत बसतो, तोवर निवेदक पुढच्या बातमीवर गेलेला असतो. दोनच खुंट्या पक्क्या करा: ‘शिम्मान’ म्हणजे एक लाख, ‘छॉन्मान’ म्हणजे एक कोटी. एखाद्या चित्रपटाला ‘छॉन्मान’ प्रेक्षक मिळाले तर कोटीचा टप्पा गाठला, ही तिथे मोठी बातमी असते. ‘सामॉक ओछॉन्मान वॉन’ ऐकले तर तीस कोटी अधिक पाच कोटी, पस्तीस कोटी वॉन, असे थेट मराठीत येऊ द्या. शिवाय संख्यांचे दोन संच आहेत, एक देशी आणि एक चिनी मुळाचा. घड्याळाचे तास देशी संख्येत आणि मिनिटे चिनी संख्येत सांगतात, वय घरात देशी संख्येत आणि बातमीत चिनी संख्येत सांगतात. यावर तक्ता करून पाठ करण्यापेक्षा रोजच्या बातमीतले सगळे आकडे, फक्त आकडे, लिहून काढण्याचा सराव जास्त कामाचा आहे.

शब्दसंग्रहाचे ओझे मात्र खरेच आहे. बातमीतले बहुसंख्य शब्द चिनी मुळाचे असतात, जसे मराठी अग्रलेखात तत्सम शब्द दाटीने येतात. ते एकेक करून पाठ करणे व्यर्थ आहे, मुळे शिका. ‘हाक’ म्हणजे शिकणे: ‘हाक्क्यो’ शाळा, ‘हाक्सेङ’ विद्यार्थी, ‘तेहाक’ विद्यापीठ, ‘इप्हाक’ शाळाप्रवेश, ‘पाङहाक’ सुट्टी. ‘हे’ किंवा ‘ह्वे’ म्हणजे सभा: ‘कुख्वे’ राष्ट्रीय सभा, ‘ह्वेई’ बैठक, ‘ह्वेसा’ कंपनी. अशी शंभर-दीडशे मुळे हाताशी आली की अनोळखी शब्दाचा अंदाज बांधता येतो, आणि बातम्या कळू लागण्याचा क्षण बहुधा तिथेच येतो. ‘नेव्हर’ या कोरियन संकेतस्थळाच्या शब्दकोशात प्रत्येक शब्दाबरोबर त्याची चिनी चित्राक्षरे दिलेली असतात. ती लिहायला शिकण्याची गरज नाही, पण दोन शब्दांत तेच चित्र आहे हे दिसले की नाते कळते.

आता मालिका. त्या सोडा असे मी म्हणत नाही. पण त्यांच्याकडून वेगळी गोष्ट शिकायची आहे, ती म्हणजे कोणाशी कसे बोलावे. बातमी एकाच आदरार्थी सुरात असल्यामुळे तिच्यातून हे कधीच कळणार नाही. सुरुवातीला ऐतिहासिक मालिका टाळा; राजवाड्यातली भाषा कानाला भारी लागते, पण आज कोणी तशी बोलत नाही. कौटुंबिक मालिका, त्यातही शनिवार-रविवारच्या, तीन पिढ्या एका घरात असलेल्या, सर्वांत उपयोगी. कोरियन कंपनीत नोकरीचा विचार असेल तर कचेरीच्या पार्श्वभूमीवरच्या मालिका पाहा. रांजणगावला एलजी आहे, तळेगावला ह्युंदाई, माणगावजवळ विळे-भागाडला पोस्को. तिथे साहेबाला नावाने हाक मारत नाहीत, ‘क्वाजाङनिम’, ‘पूजाङनिम’ असे हुद्द्याला ‘निम’ जोडून बोलतात, आणि कोणाचा हुद्दा कोणाच्या वर हे मालिकेत चांगले दिसते.

इंग्रजी सबटायटलने तुमचे सर्वांत मोठे नुकसान इथे केले. आदराच्या सगळ्या पायऱ्या त्यात एका सर्वनामात सपाट होतात. ‘आजी आल्या’ आणि ‘बंडू आला’ यांत आपण क्रियापद बदलतो, तसे कोरियन माणूस धातूच्या पोटात ‘शि’ घालतो: ‘वास्सॉ’ आणि ‘ओश्यॉस्सॉ’. झोपणे, खाणे, असणे यांना तर मोठ्यांसाठी वेगळेच धातू आहेत. दोन पात्रे ‘ज्योन्देन्माल’ म्हणजे आदराची भाषा सोडून ‘पान्माल’ म्हणजे अरे-तुरेवर कधी येतात, कोण आधी सुचवते, कोणाला त्याचा राग येतो, हे लक्षपूर्वक पाहा. ‘माल नोउसेयो’ असे कोणी म्हटले तर ‘मला एकेरीत बोललात तरी चालेल’ असे ती व्यक्ती म्हणते आहे. घराबाहेर पडताना मुलगा ‘तान्योओगेत्सुम्निदा’ म्हणतो, आणि इंग्रजी सबटायटल सांगते की तो निघाला; प्रत्यक्षात तो ‘जाऊन येतो’ म्हणालेला असतो. खानावळीत वाढणाऱ्या बाईंना ‘इमो’ म्हणून हाक मारतात, म्हणजे मावशी. हे टिपायला मराठी कान पुरेसा आहे, फक्त डोळे इंग्रजी ओळीवर खिळलेले नसावेत. हिंदी डबिंगचा तर प्रश्नच येत नाही; तिथे कोरियन ऐकूच येत नाही.

पद्धत अशी की पूर्ण भाग सबटायटल लावून, आनंदासाठी, एकदा पाहून घ्या. मग त्यातला दोन मिनिटांचा एकच प्रसंग निवडा, ज्यात दोन-तीनच पात्रे आहेत, पार्श्वसंगीत कमी आहे आणि कोणी रडत-ओरडत नाही. नेटफ्लिक्सवर बऱ्याच मालिकांना कोरियन सबटायटल मिळतात. यादीत दिसत नसतील तर प्रोफाइलची भाषा कोरियन करून पाहा. ती लावून तो प्रसंग वाक्यावाक्याला थांबवत वाचा, गाळलेले प्रत्यय वहीत कंसात भरा, आणि प्रत्येक वाक्यापुढे कोण कोणाला कोणत्या पायरीवरून बोलले ते लिहा. प्रत्यय भरता येतील ते बातम्यांच्या सरावामुळेच. म्हणून तर आधी बातम्या.

मालिकेतले वाक्य तोंडात घेण्यापूर्वी ते कोणाच्या तोंडचे आहे हे पाहावे. ‘ओप्पा’ हा शब्द स्त्रीने आपल्याहून मोठ्या पुरुषाला म्हणायचा. पुरुष मोठ्या पुरुषाला ‘ह्यॉङ’ म्हणतो. नायिकेचे संवाद पाठ करून येणाऱ्या मुलांची यात हमखास फजिती होते. ‘ताङशिन’चा अर्थ पुस्तकांत ‘तुम्ही’ असा दिलेला असतो, पण तो नवरा-बायकोच्या बोलण्यात किंवा भांडणात येतो. अनोळखी माणसाला ‘ताङशिन’ म्हटले तर तो तुम्ही अंगावर आलात असे समजेल. सुरक्षित मार्ग म्हणजे स्वतः बोलताना सर्वांशी ‘-यो’ने संपणारी वाक्ये वापरावीत, आणि ‘पान्माल’ फक्त ऐकून समजावे.

लोकलमध्ये काय करावे, हेही बरेच जण विचारतात. गर्दीत आणि डब्याच्या खडखडाटात नवी बातमी ऐकू नका, निम्मे व्यंजन ऐकू येत नाही आणि चुकीचा उच्चार पक्का होतो. तिथे फक्त आधी घरी झालेली बातमी परत ऐकायची. नवे काम सकाळी, घरात शांतता असताना, वीस मिनिटे.

एका गोष्टीत घर पुरत नाही. तुमचा ‘ताल’ चंद्र आहे की मुखवटा, हे स्वतःच्या कानाला कळत नाही. आठवड्यातून एकदा तिसऱ्या दिवसाचे वाचन फोनवर ध्वनिमुद्रित करा आणि मूळ बातमीशेजारी लावून ऐका. पण महिन्या-दोन महिन्यांतून एकदा तरी जाणत्या माणसाकडून उच्चार तपासून घ्यावेत. त्यासाठी पूर्ण वर्गाची गरज नाही.

परीक्षेचे म्हणाल तर ‘टोपिक’चा पहिला पेपर, म्हणजे पातळी एक आणि दोन, फक्त ऐकणे आणि वाचणे एवढाच असतो. तुम्हाला हवी असलेली मधली पातळी दुसऱ्या पेपरात येते: ३०० पैकी १२० गुणांना तिसरी आणि १५० गुणांना चौथी. त्यातल्या ऐकण्याच्या भागात संवादांबरोबर बातम्या आणि मुलाखतीही असतात, त्यामुळे वर सांगितलेला सराव थेट उपयोगी पडतो. लेखनाचे चार प्रश्न आहेत आणि घरी शिकणाऱ्यांचे गुण तिथेच जातात. ५३ वा प्रश्न आकडेवारीवरून २०० ते ३०० अक्षरांचा परिच्छेद मागतो, ५४ वा ६०० ते ७०० अक्षरांचा निबंध. दोन्ही ‘-दा’च्या छापील शैलीत लिहायचे असतात, म्हणजे ना बातमीच्या ‘-सुम्निदा’त, ना मालिकेच्या ‘-यो’त. म्हणून परीक्षेच्या चार महिने आधीपासून वाहिनीच्या बातमीबरोबर त्याच घटनेची वृत्तपत्रातली बातमी काढून ठेवा, आणि निवेदकाची वाक्ये ‘-दा’मध्ये बदलून लिहा, आपले लिहून झाल्यावर वृत्तपत्र उघडून पाहा. वृत्तपत्रांचे मथळे मात्र वगळा, त्यांत प्रत्यय पुन्हा गाळलेले असतात.